पेशंटची खुर्ची

माझ्या क्लासमध्ये मी रोज दुपारी आजारी पडते. धंदाच तसा आहे माझा, काय करता! परदेशी नोकरीला निघालेल्या नर्सेसना मी इंग्रजी बोलायला शिकवते. त्यांच्या परीक्षेत एक भाग असा असतो की परीक्षक पेशंट होतो, हातात एक कार्ड देतो, आणि परीक्षा देणारीनं त्याच्याशी नर्स म्हणून बोलायचं. त्याचा सराव करून घ्यायचा तर कुणीतरी पेशंट व्हायला हवं. ते मी होते. सोमवारी शुगर वाढते, मंगळवारी पाय मोडतो, बुधवारी पोटात गाठ निघते. एकदा शेजारच्या काकू साखर मागायला आल्या आणि मी खुर्चीत पडून इंग्रजीत कण्हत होते, ते बघून बिचाऱ्या वाटीसकट परत गेल्या.

नर्सेसच्या आधी वाळूजच्या कंपन्यांमधले इंजिनियर यायचे. परदेशी गिऱ्हाइकाला मेल कसा लिहायचा, मीटिंगमध्ये साहेबासमोर चार वाक्यं कशी मांडायची, हे शिकायला. पीएचडीची पोरं यायची, परिषदेत पेपर वाचताना पाय लटपटतात म्हणून. गारखेड्यातल्या या घराच्या पुढच्या खोलीत सगळं चालायचं. मध्ये एक पडदा, पडद्यामागं आमची झोपायची खोली. क्लाससाठी वेगळी जागा घे म्हणून लई लोकांनी सांगितलं. मी नाही घेतली.

आमचे हे जाऊन तीनेक वर्षं झाली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आधीच सांगून ठेवते. पण कानांना कोण समजावणार? शिकवता शिकवता पडद्यामागून खोकल्याचा आवाज येतो. घसा साफ करायची त्यांची एक पद्धत होती, दोनदा हलकं आणि एकदा जोरात. ते ऐकू आलं की माझं वाक्य अर्ध्यात तुटतं. पोरी बघत राहतात. मी म्हणते, "बघता काय? लिहून घ्या."

त्यांना पोटाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी मला आणि माझ्या दिराला केबिनमध्ये बोलावलं आणि ह्यांना म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा काका." तिथंच आमचं ठरलं, पोटाला सूज आहे असं सांगायचं. त्यात मी काही जगावेगळं केलं नाही, आणि कुणी मला आता त्यावरून शहाणपण शिकवूही नये. आपल्याकडं सगळेच असं करतात. आजाऱ्याला बातमी देत नाहीत, घरच्यांना देतात. ते गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, "बरं केलंत वहिनी, शेवटपर्यंत कळू दिलं नाही." मी मान हलवायची. पण माणसं उठून गेली की एकच प्रश्न घरात उरायचा, आणि तो आजही उरतो. त्यांना माहीत होतं का?

मग उन्हाळ्यात एक मुलगी माझ्याकडं आली. सिल्लोडची. इथल्याच एका मोठ्या दवाखान्यात कॅन्सरच्या वॉर्डात नर्स, हॉस्टेलवर राहायची. सकाळची ड्युटी संपवून उन्हातून यायची, कूलरसमोर मिनिटभर उभी राहायची, ओढणीनं तोंड पुसायची आणि मग म्हणायची, "मॅडम, चालू करा." माझ्याशी मराठी, फोनवर अम्मीशी दखनी उर्दू, आणि इंग्रजी तर माझ्या इंजिनियर लोकांना लाजवील असं. तरी ती परीक्षेत दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा बोलण्याच्याच भागात. आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलनं तिची जागा धरून ठेवली होती, पण आता त्यांनी स्पष्ट कळवलं होतं की ही परीक्षा शेवटची, यानंतर आम्ही थांबणार नाही. अम्मीनं तिकडं सगळ्या मोहल्ल्याला सांगून टाकलं होतं, लोणच्याच्या बरण्याही भरून ठेवल्या होत्या.

एवढं चांगलं बोलणारी पोरगी नापास का होते, ते मला पहिल्याच सरावात कळलं. कार्ड साधं होतं. पेशंटचा रिपोर्ट आलाय, वाईट आहे. त्याला आजाराबद्दल काय माहीत आहे ते त्यालाच विचारायचं, आणि त्यानं विचारलं तर खोटं सांगायचं नाही. ती आली, माझी नसलेली उशी सरळ केली, दुखतंय का विचारलं, असं गोड बोलली की मला खरंच बरं वाटायला लागलं. मग मी विचारलं, "माझ्या रिपोर्टमध्ये काय आलंय, सिस्टर?" त्याबरोबर तिनं माझ्याकडं पाठ केली. माझ्या शेजारी एक रिकामी खुर्ची होती. तिच्याकडं वाकून, आवाज बारीक करून, ती झकास इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही यांचे कोण लागता?"

"अगं बाई, तिथं कोण बसलंय?" मी ओरडले.

"नातेवाईक, मॅडम."

"कार्डावर नातेवाईक कुठंय?"

"पण मॅडम, नातेवाईक तर असतातच ना!"

दोघी खूप हसलो. पण पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी तेच. खुर्ची उचलून आत ठेवली तर ती दाराकडं वळायला लागली, जणू दारात कुणीतरी चहाचा थर्मास घेऊन उभंय. वाईट बातमीची वेळ आली की तिची मान आपोआप फिरायची. मी चिडले, टोमणे मारले, शेवटी हात जोडले. ती म्हणाली, "मॅडम, आमच्या वॉर्डात पेशंटला तोंडावर असं विचारलं ना, तर नातेवाईक मला मारायला धावतील."

"मी पण धावले असते," मी म्हटलं. खरंच धावले असते.

परीक्षा आठवड्यावर आली होती त्या दुपारची गोष्ट. खुर्ची पुन्हा बाहेर होती. मी पेशंट म्हणून मान मागं टाकून डोळे मिटून पडले होते, उगाच अभिनय म्हणून. तीच चूक तिनं पुन्हा केली. माझ्या अंगावरून त्या रिकाम्या खुर्चीशी हळू आवाजात इंग्रजी बोलू लागली. बायोप्सी, पसरलेला आहे, फार तर काही महिने. मी डोळे मिटूनच होते. हे शब्द मी आधी ऐकले होते, आणि ते माझ्याच आवाजात. राउंडला डॉक्टर यायचे तेव्हा ह्यांच्या पलंगावरून आम्ही असेच बोलायचो. त्यांना कळू नये म्हणून इंग्रजीत. डॉक्टरांनाही बरं पडायचं, बाईंचं इंग्रजी चांगलं होतं ना. हे पलंगावर असेच डोळे मिटून पडलेले असायचे.

आणि मी पेशंटच्या खुर्चीत पडून प्रत्येक शब्द ऐकत होते. एकही शब्द सुटत नव्हता.

तेवढ्यात मला एक जुनी सकाळ आठवली. हे बजाजनगरच्या बाजूला कारखान्यात होते, सेकंड शिफ्ट असली की सकाळी पडद्यामागं झोपलेले असायचे. पुढच्या खोलीत एक इंजिनियर मेलचं शेवटचं वाक्य आठवत अडकला होता. अडकला तो अडकलाच. आणि आतून झोपाळलेल्या आवाजात अख्खं वाक्य आलं, इंग्रजीत, बिनचूक. सगळा क्लास खो खो हसला. मीही हसले, आणि विसरले. कितीतरी वर्षं माझा क्लास त्यांच्या उशाशी चालला होता. मोडकं बोलत असतील, पण समजत किती होतं, हे मी कधी विचारलंच नाही. घरात ते मराठीत बोलायचे, मला वाटलं तेवढंच त्यांना येतं.

मी डोळे उघडले. "आज पुरे," एवढं म्हणून आत गेले. ती पोरगी गोंधळून उभी होती, तिला वाटलं मी रागावले. मला राग नव्हता आला. मी घाबरले होते. स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले.

मग पुढचे काही दिवस हे घरभर होते. दवाखान्यात डॉक्टरांचा राउंड संपला की ते दर वेळी विचारायचे, "काय म्हणाले गं डॉक्टर?" मी सांगायची, "सूज उतरतेय म्हणाले." ते म्हणायचे, "मग बरं झालं." दर वेळी. इतक्यांदा ऐकलेलं ते "मग बरं झालं" आता मला भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना ऐकू यायला लागलं. कळत होतं तर विचारत कशाला होते? की माझ्या तोंडून ऐकायचं होतं? आणि राग, तो नंतर आला, असा काही आला की फोटोसमोर उभी राहून मोठ्यानं बोलले, "कळत होतं तर बोलायचं ना हो! मी काय परकी होते?" फोटो काय बोलणार. कपाळाला हात लावून बसले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती शेवटच्या सरावाला आली. खुर्ची मी मुद्दाम तिथंच राहू दिली, परीक्षेत तिला कोण खुर्च्या हलवून देणार होतं? कार्ड तेच दिलं. तिनं खुर्चीकडं एकदा बघितलं. मग आपलं स्टूल ओढून माझ्या अगदी समोर बसली आणि इंग्रजीत विचारलं, "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला आत्तापर्यंत काय काय समजलंय?"

याचं माझं उत्तर ठरलेलं असतं. मला कुणी काहीच सांगत नाही, सिस्टर. दहा वेळा दिलेलं उत्तर. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "सगळं."

कार्डावर असलं काही नव्हतं. ती दचकली, पण थांबली. गप्प बसायला शिका, पेशंटला बोलू द्या, म्हणून मीच कानीकपाळी ओरडले होते. मग तिनं विचारलं, "तुम्हाला कळलंय, हे घरी माहीत आहे?"

"नाही. बायको सांगते, सूज आहे. मी म्हणतो, बरं."

माझं इंग्रजी इतकं मोडकं कधीच नसतं. शब्दाला शब्द लावत, मध्ये घसा साफ करत मी बोलत होते. दोनदा हलकं, एकदा जोरात. मला ऐकू येत होतं की मी कसं बोलतेय, पण थांबवता येत नव्हतं.

"मग तिला सांगत का नाही?"

"ती बाहेर जाऊन रडून येते. मग तोंड धुते. मग हसत आत येते. एवढं सगळं करून येते, आणि मी काय म्हणू, मला माहीत आहे म्हणून?"

"मी सांगू का त्यांना?"

"नको," मी म्हटलं. "तिला वाटू द्या, तिला जमलं."

वेळ संपल्याची घंटी मोबाइलवर वाजली, वाजून थांबली. ती मुलगी स्टूलवरून हलली नाही. माझ्याकडंच बघत होती, खुर्चीकडं नाही, दाराकडं नाही. शेवटी मीच शिकवणाऱ्या बाईसारखा आवाज काढला, "छान. उद्या असंच कर. जा आता, लवकर झोप." ती गेल्यावर मी घराला कडी लावली आणि ते शब्द कुठून आले असतील ते शोधत बसले. माझ्या डोक्यात ते कधीच नव्हते. तीन वर्षांत मी त्यांच्या तोंडी शंभर उत्तरं घालून बघितली होती, रागाची, दुःखाची, माफीची. हे त्यात नव्हतं.

ती पास झाली. निकाल आला त्या दुपारी मिठाईचा पुडा घेऊन आली, वाकून पाया पडायला लागली, मी धरून उभी केली. बोलण्यात सगळ्यात जास्त गुण मिळाले होते. तिकीट, बरण्या, सामानाचं वजन, सगळं एका श्वासात सांगून झालं. अम्मी रोज रडतेय आणि रोज सामानात एक बरणी वाढवतेय म्हणाली. मग चपला घालता घालता दारात थांबली.

"मॅडम, त्या दिवशी तुम्ही कार्डावरचं बोलत नव्हता."

मग तिनं भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोकडं बघितलं.

"सरांना माहीत होतं ना?"

जावेनं विचारलं होतं, दिरानं विचारलं होतं, त्यांच्या कंपनीतल्या माणसांनी विचारलं होतं. सगळ्यांना मी ताठ मानेनं नाही म्हणून सांगितलं होतं.

"व्हय," मी म्हटलं. "सगळं माहीत होतं त्यांना."

तिनं चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली, आणि परत आत येऊन माझ्यासमोर बसली. मला रडू आलं. उठून बाहेर जाऊन, तोंड धुऊन यायची सवय अंगात मुरलेली, पाय उचललेही गेले. मग मी परत बसले, आणि तिच्यासमोरच रडले.