तीन डबे आणि एक फू

आमच्या घरात तांदळाचा डबा उघडला की तांदूळच निघतील याची खात्री नाही. गोव्यातल्या आमच्या चोपड्याला नदी दारात आणि हवेत बारा महिने मीठ, त्यामुळे लोखंडाचं काहीही आणा, वर्षभरात त्याला गंज धरतो. म्हणून माझ्या नवऱ्याने आपली यंत्रं तांदळात पुरून ठेवायची युक्ती काढली. सासूबाई पेजेसाठी तांदूळ काढायला गेल्या आणि हाताला बटणं लागली, तेव्हा त्या नुसत्या म्हणाल्या, "पुता, हें शिजवन खातत काय असांच?" मुलावर त्या रागावत नाहीत. रागवायचं खातं माझ्याकडे आहे.

या यंत्रांना सॅम्पलर म्हणतात. कुठलाही आवाज त्यात धरून ठेवायचा, बटण दाबलं की तो परत येतो. पुन्हा दाबलं, पुन्हा येतो. असं एक यंत्र एका माणसाला जन्मभर पुरावं असं मला वाटायचं. आमच्याकडे तीन आहेत. एक नवंकोरं, दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखं आतून उजळणारं. दुसरं कॅल्क्युलेटरएवढं, जे हरवलं की माझ्यावर आळ येतो. आणि तिसरं राखाडी, जुनं, चांगलं जड. हरमलच्या किनाऱ्यावर राहून कंटाळलेल्या एका गोऱ्या पाहुण्याने मायदेशी जाताना "हे तुझ्याकडे सुखात राहील" असं म्हणून ते नवऱ्याच्या गळ्यात मारलं. सुखात ते राहिलं, यात वाद नाही.

आठवडाभर नवरा औषधाच्या कारखान्यात गोळ्यांच्या पाकिटांवर नजर ठेवतो. नोकरी कायम आहे, आणि ती कायम व्हावी म्हणून मी केलेले नवस गावदेवाच्या अजून लक्षात असतील. संध्याकाळी तो आवाज गोळा करतो. पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीचा भोंगा, आदोळीवर म्हणजे विळीवर नारळ खवणायची खरखर, मासे घेऊन येणाऱ्या बाईची हाक. एकदा मी त्याला अंघोळीला हाक मारली तीही धरली आणि तिच्याखाली ढोल घातला. ऐकल्यावर मला कळलं की इतकी वर्षं मी तालात ओरडत होते.

तीन यंत्रं एकत्र वाजवायची तर त्यांचा ताल एक हवा. हे नवऱ्याने मला जेवताना समजावलं, ताटातल्या तीन बांगड्यांच्या मदतीने. "एकान ताल देवचो, बाकीच्यांनी ताच्या फाटल्यान चलचां." नवं यंत्र ताल देतं, केबलमधून तो छोट्याकडे जातो, आणि छोटं गुमान मागून चालतं. राखाडी यंत्राला मात्र ती केबल लावायला भोकच नाही. ते कुणाकडून ताल घेत नाही, कुणाला देत नाही, स्वतःच्या मर्जीने चालतं आणि चार आवर्तनांत बाकीच्यांपासून फारकत घेतं. माझा एक दीर असाच आहे.

"मग त्यातलां गाणां नव्यांत घाला आनी हें विका," मी म्हटलं.

"ताच्या आवाजाक ऊब आसा गो."

ऊब हवी तर चुलीपाशी बसा, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण तिसरा बांगडा माझ्या ताटात यायचा होता.

त्या राखाडी यंत्रात गाणं होतं सासूबाईंचं. चवथीला, म्हणजे गणपतीत, आमच्याकडे बायका फुगडी घालतात, त्यात सासूबाई पुढे असतात आणि गाणी जागच्या जागी रचतात. त्यात सुना असतात, विहिणी असतात, आणि सुना ऐकतायत हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. अशीच एक ओळ नवऱ्याने धरली, आणि ती साफ करत बसला. फुगडीत ओळ संपली की बायका तोंडाने जोरात "फू" करून श्वास सोडतात. त्या फूवरच पुढचं पाऊल पडतं. नवऱ्याला तो माइकवर आदळणारा वारा वाटला. त्याने सगळे फू कापून टाकले.

कापलेलं गाणं सासूबाईंनी ऐकलं. मान डोलवली नाही. यंत्राकडे बघून म्हणाल्या, "माजो स्वास खंय गेलो रे?"

"आई, तो नॉइज."

"नॉइज तुजो बापूय! स्वास काडिनासतना गाता ती एक तर मेल्ली, ना जाल्यार रेडियोवरची."

नवऱ्याने परत घालतो म्हणून सांगितलं. घरातले नळ, दिवे आणि खिडक्या यांबद्दलही तो असंच सांगतो.

दिवाळी झाली, किनाऱ्यावर शॅक, म्हणजे पावसाळ्यापर्यंतची झावळ्यांची हॉटेलं, उभी राहिली, आणि हरमलच्या एका शॅकवाल्याने नवऱ्याला एक रविवार देऊ केला. सूर्य बुडायच्या वेळेला वाजवायचं. लोक खुर्चीवरून उठून गेले नाहीत तर पुढचा सगळा हंगाम दर रविवार त्याचा, आणि हळूहळू मधले वारही. नवऱ्याने ही बातमी सांगितली आणि त्याच श्वासात पुढचं वाक्यही सांगितलं: रविवार मिळाला तर कारखाना सोडायचा.

मी बालवाडीत शिकवते. माझ्या पगारात गॅस येतो, घर चालत नाही. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "जातलां सगळां." सासूबाई म्हणाल्या, "ताका आवडता तें करूंदे." मला काही करायची गरजच नव्हती, यंत्रं माझ्या बाजूने होती. तीन यंत्रांचे तीन अडॅप्टर दिसायला एकसारखे, आत वीज वेगवेगळी. चुकीचा लावला की धूर. माझी नेलपॉलिश घेऊन त्याने खुणा केल्या होत्या, पण त्याही तिन्हींवर लालच. शिवाय ते राखाडी यंत्र होतंच. मी गावदेवाला आणखी एक नवस बोलले, यावेळी नवऱ्याला यश मिळू नये म्हणून.

राखाडी यंत्राचं बटण दर आवर्तनाला बरोबर समेवर हाताने दाबलं तर ते फारकत घेत नाही, हे नवऱ्याच्या लक्षात आलं होतं. हे काम त्याचा मित्र करणार होता. तो मित्र त्याच आठवड्यात बोटीवर नोकरीला गेला. नवऱ्याचे दोन हात दोन यंत्रांवर. तिसरा हात कुणाचा, हे मला विचारायच्या आधीच सासूबाईंनी सांगितलं. "हिका सांग. इब्रामपूरच्यो बायलो फुगडेंत चुकूंक नात."

माहेरची अशी स्तुती मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते. त्यामुळे नाही म्हणता आलं नाही.

रविवारी रिक्षात मागच्या सीटवर सासूबाई, मी आणि माझ्या मांडीवर ते उबदार यंत्र. शॅकवाल्याने टेबल मांडून दिलं, वर आमच्या घरची चादर घातली, म्हणजे केबलींचा गुंता कुणाला दिसू नये. लोकांशी बोलायला म्हणून एक माइक होता, तो नवऱ्याने माझ्यासमोर ठेवला, कारण त्याच्या बाजूला जागा नव्हती. सासूबाई पहिल्या खुर्चीत बसल्या आणि लिंबू सोडा मागवला. बाकीच्या खुर्च्यांत पाहुणे उन्हाने भाजून लाल झालेले, आणि मागे स्कूटर लावून गावातली चार माणसं फुकटात बघायला उभी.

वाजायला लागलं. खरं सांगते, मला ते फुटकळ वाटेल अशी माझी तयारी होती. पोदेराचा भोंगा लांबून आला, त्यात नारळाची खरखर मिसळली, खालून ढोल लागला. छोटं यंत्र नव्याच्या मागे निमूट चालत होतं. कुणी उठत नव्हतं. मग नवऱ्याने माझ्याकडे बघून मान हलवली, मी बटण दाबलं, आणि समुद्रावर सासूबाईंचा आवाज उभा राहिला. सुनेच्या कुरापती काढणारी ओळ, परदेशी पाहुणे डोळे मिटून ऐकत होते.

ओळ संपली. फूच्या जागी भोक होतं. तो फू सांगितल्याप्रमाणे परत घातलेला नव्हताच. त्या भोकातून मोजून बाहेर यायचं आणि समेवर बटण दाबायचं. पहिल्यांदा जमलं, दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा माझ्या मनात स्वच्छ विचार आला की आत्ता बोट जरासं उशिरा पडलं तर सगळा गोंधळ होईल, लोक हसतील, उठतील, आणि उद्या सकाळी नवरा कारखान्यात असेल. कुणाला कळणारही नाही. त्या यंत्राचा लौकिकच तसा होता.

मी त्याच्याकडे बघितलं. तो घामाने निथळत होता, जीभ दातांत धरून बटणं दाबत होता. कारखान्यातून येतो तेव्हा हा माणूस चप्पल काढायलाही वेळ लावतो. इथे त्याच्या खांद्यांत, मानेत, सगळीकडे जीव होता. मला त्याचा हेवा वाटला. मला घर सांभाळायची धास्ती लावून हा इथे आनंदात होता, याचा रागही आला. बोट वरच राहिलं.

आणि त्या भोकात माझ्या तोंडातून फू गेला.

मी ठरवून केला नाही. ओळ संपली की फू करायचा, हे मला पाय चालायला लागल्यापासून माहीत आहे. समोर माइक होता. तो फू सगळ्या किनाऱ्यावर गेला, आणि फूनंतर हात जिथे पडायचा तिथेच पडला, बरोबर समेवर. लोक हसले. पुढच्या आवर्तनाला एका पिकल्या केसांच्या पाहुणीने माझ्याबरोबर फू केला. त्याच्या पुढच्याला दहा-बारा जणांनी. मग स्कूटरवाले गावकरीही लाजत लाजत सामील झाले. सूर्य बुडेपर्यंत सगळा शॅक चहा गरम असल्यासारखा फुंकत होता. सासूबाईंनी सोडा खाली ठेवला आणि त्यांनीही केला, सगळ्यांत मोठा.

यंत्रं थांबल्यावर शॅकवाला नवऱ्याला ओलांडून माझ्यापाशी आला. "वयनी, आयतवारा तुमी येतल्यात मगो? तुमी जाय हां, तुमच्याबगर जमचां ना."

"येतलीं, येतलीं," माझ्या वतीने नवरा म्हणाला.

परतताना रिक्षात तो सारखा एकच सांगत होता, "तुवें राखलें गो, तुवें राखलें." त्याला काय माहीत मी काय करायला निघाले होते. मला त्याचा संताप येत होता, आणि त्या संतापाच्या खाली मी इतकी खूश होते की मला माझी लाज वाटली. अंगाला वाळू, समुद्राचा खारेपणा, आणि एवढी माणसं माझ्या श्वासाबरोबर श्वास सोडत होती. बालवाडीत मुलं माझ्यामागून कविता म्हणतात, पण त्यांना म्हणावीच लागते.

सोमवारी सकाळी सवयीने मी कारखान्याचा निळा शर्ट इस्त्रीला घेतला. नवरा अर्ध्या चड्डीत आला आणि म्हणाला, "तो नाका गो. नोकरी सोडली म्हूण हांवें फोन करून सांगलां तांकां." सासूबाई आतून म्हणाल्या, "बरां केलंस पुता."

मी इस्त्री उभी केली. कायम नोकरी, गॅस, पावसाळ्यात शॅक मोडल्यावर काय खायचं, सगळं माझ्या जिभेवर रांगेत उभं होतं. खूप ओरडायचं होतं, आणि तेही तालात.

"आयतवारा म्हाका वेगळो माइक जाय," मी म्हटलं. "बोलूंक ठेवलेलो न्हय. गावपाचो."

तो लगेच माझ्या गाण्याच्या माइकसाठी केबल शोधायला लागला, आणि नोकरीबद्दल बोलायचं राहूनच गेलं.