धुळ्याचा कोड, जळगावचा सर्व्हर

किस्से काही मुद्दाम जमवावे लागत नाहीत. काम उरकत नाही, किस्से मात्र साचत जातात! नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. धुळ्याला मी आणि निकम, जळगावला सुनंदा. मालक नेमीचंदभाऊ दोन्हीकडे. प्रोग्राम एकच, हात तिघांचे.

*

आधी फ्लॉपी एसटीने जायची. ज्याची फ्लॉपी शेवटी पोचेल, त्याचंच काम टिकायचं. एकदा निकमच्या फ्लॉपीने सुनंदाचं आठवड्याचं काम पुसलं. तिचा फोन आला, "निकम, तुझं पोर माझ्या पाळण्यात झोपलंय. माझं कुठं टाकलंस?"

*

मग भाऊंनी मोडेम आणला. सगळा कोड जळगावच्या सर्व्हरवर. फोन लावायचा, आपला बदल चढवायचा, दुसऱ्याचा उतरवायचा. पण धुळ्याच्या आमच्या फोनचं एक्स्टेंशन खाली घरमालकीण आक्कांकडे! बदल निम्मा चढला, की आक्का रिसीव्हर उचलायच्या. लाइन तुटली! हात जोडून सांगायला गेलो, तर मोडेमची किरकिर ऐकून त्याच घाबरलेल्या. "फोनमा कोनीतरी रडी राह्यनं!"

*

प्रत्येक बदलासोबत काय बदललं ते लिहायचं, असा नियम होता. निकम दरवेळी लिहायचा, "चालेल बहुतेक." सुनंदा चिडली, "नीट लिही ना!" दुसऱ्या दिवशी निकमने लिहिलं, "काल चाललं नाही."

*

एकाने घेतलेली फाइल दुसऱ्याला बदलता येऊ नये, म्हणून कुलूप लावायची सोय होती. निकम कुलूप लावून साक्रीकडे मावसभावाच्या लग्नाला गेला! तिकडच्या खेड्यात फोन नाही. शेवटी एसटीच्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी दिली. लग्नघरच्यांनी ती थेट माइकवर वाचली, "निकमसाहेब, ऑफिसचा निरोप आहे, फाइल सोडा!"

मांडवातले एक आबा कळवळून म्हणाले, "सोडी दे रे भाऊ, लगीनमा काय फाइल धरी बसना!"

*

मग आम्ही कुलपंच काढून टाकली. आता कुणीही, कधीही, काहीही बदलावं. तेवढ्यात भडगावच्या दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन, "अहो, एका खाटेवर दोन पेशंट आहेत, आणि दोघांकडेही तुमच्याच कॉम्प्युटरचा कागद!"

ते दुरुस्त करायला निकमने धुळ्यात एक ओळ बदलली, सुनंदाने जळगावात तीच ओळ वेगळी बदलली. सर्व्हरने दोन्ही ओळी समोर ठेवल्या आणि विचारलं, कुठली ठेवू? निकम म्हणे माझी, सुनंदा म्हणे माझी. दोघांचं बोलणं बंद. सगळे निरोप माझ्यामार्फत! ऐकून ऐकून माझे कान दुखायला लागले. तिकडे डॉक्टर खाटांवर खडूने नंबर घालत होते.

शेवटी भाऊंनी निकमला सकाळच्या गाडीत घातलं, सोबत मला. जळगावला दोघांना एका कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि बजावलं, "एक ओळ ठरल्याशिवाय चहासुद्धा मिळणार नाही!"

आधी भांडण ऐकू आलं. मग कुजबुज. मग नुसती कीबोर्डची टकटक. दुपारी दोघं बाहेर आले, चेहरे उतरलेले. भडगावला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "आता बरोबर चालतंय!"

भाऊ खूश. "शाब्बास! कुणाची ओळ ठेवली?"

सुनंदाने निकमकडे पाहिलं. निकमने छताकडे.

"दोन्ही काढून टाकल्या, भाऊ."