मेहुण्यांची खुर्ची

वडिलांनी सुरू केलेला पंपांचा कारखाना दोघं भावंडं चालवत होती. थोरला भाऊ पैशाअडक्याचं बघायचा, धाकटी बहीण गिऱ्हाइकांचं. कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत. कापड रंगवणारे, इस्पितळांची धुलाई करणारे, बर्फ बनवणारे अशी तिची गिऱ्हाइकं. पंप बिघडला की ती स्वतः जायची, शिव्या खायची, दुरुस्त करून द्यायची आणि परत येताना बहुतेक वेळा आणखी एका पंपाची ऑर्डर घेऊन यायची.

मग दादाने संचालक मंडळावर पाणीखात्याच्या मंत्र्यांच्या मेहुण्यांना घेतलं. मेहुण्यांना पंपातलं काही कळत नव्हतं आणि तसं ते मोकळेपणाने सांगतही. माणूस गोड. अधूनमधून यायचे, सगळ्यांची विचारपूस करायचे, चहा घेऊन जायचे. पण ते आले आणि पाणीखात्याच्या ऑर्डरी न मागता यायला लागल्या. भेटीसाठी ताटकळत ठेवणारा बँकेचा मॅनेजर आता आपणहून जिना चढून वर येऊ लागला. दादाने दुसरी शेड बांधली.

"वशिल्याचं तट्टू बांधलंयस दारात," ताई म्हणाली.

"धावतंय ना? मग झालं."

धावत होतं खरं. फक्त पाणीखात्याकडून एकही पंप परत येत नसे, एकही तक्रार येत नसे. त्यामुळे पूर्वी प्रत्येक पंप पाण्याच्या टाकीत चालवून बघायचे, ते मागे पडलं. टाकी कोरडी झाली आणि तिच्यात खोकी रचली गेली. कमी विजेवर चालणारा पंप तयार करणारा इंजिनियर कंटाळून सोडून गेला, कारण तसला पंप मागणारं कोणी उरलंच नव्हतं. जुन्या गिऱ्हाइकांना 'थांबा' सांगितलं जाई. वडिलांच्या वेळेपासून गिऱ्हाईक असलेला एक कापड रंगवणारा रंगारी एकदा ताईला फोनवर म्हणाला, "तुम्ही आता मोठी माणसं झालात," आणि पंप दुसरीकडून घेऊ लागला.

ताईचा नवरा म्हणाला, "सोडून दे. तुला कुठेही काम मिळेल."

"कारखाना माझ्या बापाचा आहे. मेहुण्यांचा नाही."

तिने दादाकडून जुनी शेड आणि तीन फिटर मागून घेतले. राहिलेली गिऱ्हाइकं तरी ती सांभाळणार होती. "हौस म्हणून कर," दादा हसून म्हणाला.

निवडणुकीत मंत्री पडले. मेहुण्यांचा राजीनामा आला, तोही गोड भाषेत. पाणीखात्याच्या ऑर्डरी आता नव्या मंत्र्यांची सून जिथे संचालक होती तिकडे वळल्या. इकडे खात्याला अचानक तपासणीची आठवण झाली आणि पंपांचे ट्रक परत येऊन फाटकाशी उभे राहू लागले. बँकेच्या मॅनेजरचे गुडघे दुखायला लागले असावेत, तो काही परत जिना चढला नाही.

"नव्या मंत्र्यांचा एक भाचा आहे म्हणे," दादा म्हणाला. "सध्या मोकळाच आहे."

ताई समोर बसली. "दादा, भाचा आणलास तर मी चालले. धमकी नाही देत, सांगून ठेवते. उद्या तोही जाईल, आणि तोवर आपण पंप करायचंच विसरलेलो असू."

"मग करायचं काय?"

"उद्या माझ्याबरोबर चल. शिव्या खायला."

रंगाऱ्याने दादाला बसायलाही सांगितलं नाही. "तुमचा पंप मधेच बंद पडला आणि रंगात टाकलेलं माझं घाणाभर कापड डागाळलं. फोन केला तर तुमचा माणूस म्हणतो, सरकारी काम चाललंय, नंतर बघू."

त्या माणसाला केव्हाच काढलंय, असं सांगायला दादाने तोंड उघडलं. ताईने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"चुकलं आमचं," दादा म्हणाला.

रंगारी म्हणाला, "एक लावा. चालला तर बोलू."

पुढचे दिवस वाईट गेले. नवी शेड भाड्याने द्यावी लागली. निम्म्या माणसांना काढावं लागलं, आणि ते प्रत्येकाला तोंडावर सांगायचं काम ताईने दादाकडूनच करून घेतलं. काहींनी त्याला नको नको ते ऐकवलं. खोकी हलवून टाकी धुतली, पाणी भरलं, आणि पुन्हा प्रत्येक पंप बुडवून चालवायला सुरुवात झाली. सोडून गेलेल्या इंजिनियरला ताईने दोनदा बोलावलं. तो आला नाही, पण त्याने आपल्या हाताखाली शिकलेली एक मुलगी पाठवली. रंगाऱ्याचा पंप टिकला. त्याने आपल्या साडूला सांगितलं, साडूने शेजाऱ्याला. कारखाना लहानच राहिला, पण पगार वेळेवर होऊ लागले.

मग एक दिवस सत्ताधारी पक्षाचा एक पदाधिकारी आला. पाणीखात्याचं मोठं काम निघणार होतं. मंडळावर आपला एक माणूस घेतला तर सोपं जाईल, असं तो म्हणाला. दादाने ताईकडे बघितलं. हे उत्तर तिला त्याच्याच तोंडून हवं होतं.

"काम सगळ्यांसाठी खुलं असेल तर आम्हीही भाव भरू," दादा म्हणाला. "मंडळावर जागा नाही."

तो गेल्यावर दादाने विचारलं, "मूर्खपणा तर नाही ना केला मी?"

"काम हातचं गेलं, एवढं नक्की," ताई म्हणाली आणि पाना-पकडीची पिशवी उचलली. "इस्पितळाच्या धुलाईवाल्याचा पंप गळतोय. येतोस?"

दादा उठला.