नाताळचं ताट

आई खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून शेळीला भाकरी चारत होती. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो, त्या बाईंनी ती भाकरी आईसाठी भाजली होती. औषधांची पिशवी हातात घेऊन मी दारात उभा होतो, आणि माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. भाकरी संपली. मग वरणभाताची मूद गेली. शेळीने गज चाटले, आईने पदराला हात पुसले आणि रिकामं ताट समोर घेऊन ती अशी बसली, जणू आत्ताच पोटभर जेवली आहे.

म्हणजे या घरी आल्यापासून आठ दिवस हे चाललं होतं. आठ दिवस मी रिकामं ताट बघून खूश होत होतो आणि सोमवारी दवाखान्यातला वजनाचा काटा आणखी खाली का गेला म्हणून डॉक्टरांशी वाद घालत होतो.

आईच्या छातीतली गाठ काढून दोन महिने झाले होते. मग किरणांचा उपचार, ज्याला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. शनिवार-रविवार सोडून रोज, पाच आठवडे. मी लातूरला नोकरी करतो, पण तिथे नंबर लवकर लागेना, म्हणून नांदेड गाठलं. आमचं गाव देगलूरच्या पलीकडे, तिथून रोज येणं-जाणं आईला झेपणारं नव्हतं. मी रजा टाकली. पहिले चार दिवस आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात चटईवर काढले. डब्याचं जेवण आईच्या पोटात टिकत नव्हतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "वजन असंच घसरत राहिलं तर शेक मध्येच थांबवावा लागेल. आणि मध्येच थांबवला तर आतापर्यंतचं सगळं पाण्यात." मी नुसती मान हलवली.

त्याच व्हरांड्यात बाई भेटल्या. त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या दोन बायका सोबत होत्या, हातात पेजेची कॅन होती, आणि पेशंटच्या लोकांना त्या पेज वाढत होत्या. आईच्या कपाळावरचं गोंदण बघून त्या थबकल्या. गावाचं नाव विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एकोणतीसचा पाढा येतो का रे आता तरी?"

मी बेचाळीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, आणि उठून हात बांधून उभा राहिलो! पहिली ते चौथी या बाईंनीच मला शिकवलं होतं. गावात शाळेजवळच्या एका खोलीत त्या आणि त्यांची आई राहायच्या. गावातलं ते एकच ख्रिस्ती घर. पुढे बदली झाली आणि त्या गेल्या. आता निवृत्त होऊन नांदेडात, चर्चच्या मागच्या गल्लीत एकट्या राहत होत्या. पुढच्या खोलीत त्यांनी दोन खाटा टाकून ठेवल्या होत्या, दवाखान्यासाठी आलेल्या कुणाही परक्यासाठी. भाडं नाही, अट नाही. "चला घरी," एवढंच म्हणाल्या आणि आमची चटई स्वतःच गुंडाळायला लागल्या.

आई मात्र जागची हलेना. मी हाताला धरून उठवली.

आता तिचं ते जागचं न हलणं आणि हे शेळीचं, दोन्ही मी जोडलं आणि माझं डोकं फिरलं. कारण मला आमची तांबडी गाय आठवली.

आमच्या गावी दर नाताळला बाईंच्या घरून फराळाचं ताट यायचं. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, वर विणलेला पांढरा रुमाल. आई हसतमुखाने म्हणायची, "ठेवा की वट्यावर." हातातून हातात ती घ्यायची नाही. बाई गेल्या की ताट उचलायची आणि थेट गोठ्यात, तांबडीच्या गव्हाणीत ओतायची. बाईंचं मूळ घराणं गावकुसाबाहेरचं, असं गावात बोललं जायचं. आमच्या घरात त्यावर चर्चा व्हायची नाही, जसं सूर्य कुठून उगवतो यावर होत नाही. मग ताट राखेने तीनदा घासायचं आणि त्यात गुळाचा खडा ठेवून परत पाठवायचं. आलेलं ताट रिकामं परत द्यायचं नाही, ही रीत आई कुणाच्याही बाबतीत मोडायची नाही. बाईंच्याही नाही! आज हे लिहितानाही माझी मला लाज वाटते, की एवढ्या वर्षांत मला यात वावगं काही दिसलंच नव्हतं.

"माय," मी दारातूनच ओरडलो, "जीव जायची वेळ आली तरी तुझं सोवळं सुटंना व्हय? त्या बाईनं घर दिलं, आन् तू तिचं अन्न शेळीला घालून राहिलीस?"

आई दचकली. ताट हातातून निसटलं आणि फरशीवर खणखणलं. मला वाटलं, रडेल किंवा उलटून बोलेल. तिने वाकून ताट उचललं.

"सोवळं कवाच सुटलं रे," ती म्हणाली. "मशीनीखाली उघडं पडून राहिले, कोण कुण्या जातीचं हात लावतंय, इचारलं का मी?"

"मग?"

"घास तोंडाजवळ नेला की तांबडी दिसती. त्या बाईनं इतकी वरसं हौसेनं पाठवलं आन् म्या जनावरापुढं टाकलं. तिला काय ठावं हाय? ती मला अक्का अक्का म्हनून वाढती. कोन्या तोंडानं खाऊ? खाल्लं की चोरी केल्यावानी वाटतंय. न्हाई म्हनलं तर तिला वाईट वाटंल. म्हनून शेळीला घातलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी खाटेवर बसलो. आई उपाशी मरत होती, आणि कारण विटाळ नव्हता, शरम होती. विटाळावर मी भांडलो असतो. शरमेवर काय बोलणार?

मी ठरवलं, बाईंना सगळं सांगून टाकायचं. शिव्या दिल्या तर खायच्या, घराबाहेर काढलं तर निघायचं. स्वयंपाकघरात गेलो. बाई सुपात तूरडाळ घेऊन खडे निवडत होत्या. मी घसा खाकरला, दोनदा सुरुवात केली आणि दोनदा अडकलो.

"शेळीचं सांगायला आलास का?" बाईंनी वर न बघताच विचारलं. "शेजारणीची आहे ती. आठ दिवसांत चांगली गरगरीत झालीय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"शेळीचंही माहीत होतं आणि गाईचंही."

मी विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

आता त्यांनी सूप खाली ठेवलं. "तूच की! दुसरीत होतास. नाताळची सुट्टी संपली, शाळा भरली, आणि मी तुम्हा सगळ्यांना विचारलं, फराळात सगळ्यात काय आवडलं? तू उभा राहिलास आणि म्हणालास, आमच्या तांबडीला करंज्या आवडल्या, चकल्या तिनं तशाच ठेवल्या."

मला हे आठवत नाही. कितीही ताण दिला तरी आठवत नाही. पण बाई खोटं कशाला सांगतील? आम्ही आमच्या मते फार शिताफीने झाकून ठेवलेली गोष्ट मी भर वर्गात, हात बांधून, मोठ्या आवाजात सांगून बसलो होतो. आणि त्यानंतरही दोन नाताळ, बदली होईपर्यंत, ते ताट येतच राहिलं होतं.

"मग पाठवत कशाला राहिलात?" मी जवळजवळ चिडूनच विचारलं. एवढा चांगुलपणा मला सहन होत नव्हता.

"तू समजतोस तसं काही नाही," बाई म्हणाल्या. "मला भयंकर राग आला होता. घरी जाऊन मी रडले. पुढच्या नाताळला करंज्या तळताना म्हटलं, त्या घरी आता ताट जाणार नाही. माझी आई म्हणाली, ताट पाठवणं आपल्याकडे, पुढचं त्यांच्याकडे. मला ते काही पटलं नाही. मी पाठवलं ते हट्टानं. बघू, कोण आधी थकतं!" त्या हसल्या. "पण आईनं आणखी एक खोड लावली. रोजच्या प्रार्थनेत तुझ्या आईसाठी मागायला लावलं. मी दात-ओठ खात मागायचे. पण ज्याच्यासाठी रोज मागतोस ना, त्याच्यावर रागावून राहायला फार कष्ट पडतात. मी करून बघितलंय. जमत नाही."

"आणि तो गूळ?" मला एकदम भीती वाटली. "आमचा गूळ तुम्ही काय करायचात?"

"गुळाचं काय करतात? खायचो. फार छान असायचा तुमचा गूळ."

आमच्या घरचं कुणी टाकून देईल, हा विचार इतक्या वर्षांत आम्हाला शिवलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेकाहून आलो तर अख्ख्या घरात तळणाचा वास. भर मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, बाईंनी करंज्या केल्या होत्या. विणलेला रुमाल टाकून ताट घेऊन त्या पुढच्या खोलीत आल्या. आधी खिडकी लावली. मग आईसमोर बसल्या.

"अक्का, खिडकी लावून घेतली आहे," त्या म्हणाल्या. "आणि तांबडीही इथं नाही. आता तुम्हालाच खावं लागेल."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "तुमाला ठावं व्हतं?"

"हो."

"कवापासून?"

"लेकरू दुसरीत होतं तेव्हापासून."

आईने स्वतःच रुमाल बाजूला केला, करंजी उचलली आणि घास घेतला. सावकाश चावला, गिळला. दुसरा घेतला. डोळ्यांतून पाणी ओघळत होतं आणि ती खात होती.

"लई चांगली झालीया," ती म्हणाली. "तांबडीला कळत व्हतं, मला कळलं न्हाई."

पुढच्या सोमवारी काटा होता तिथेच थांबला. त्याच्या पुढच्या सोमवारी थोडा वर सरकला. शेक एकही चुकला नाही.

शेवटच्या शेकानंतर आम्ही सामान आवरलं. आईने बाईंचं ते ताट मागून घेतलं, नळाखाली साध्या पाण्याने धुतलं. राख तिने मागितली नाही. "रिकामं न्हाई द्यायचं," म्हणून तिने मला दुकानात पिटाळलं. मी गूळ घेऊन आलो. तिने ढेप फोडली, ताटात ठेवली आणि ताट घेऊन आत गेली.

बाईंनी गावातल्या जुन्या सवयीने ओट्याकडे बोट केलं, "ठेवा की तिथं."

आईने ताट ठेवलं नाही. त्यातला एक खडा उचलला, पुढे झाली, डाव्या हाताने बाईंची हनुवटी धरली आणि उजव्या हाताने गूळ त्यांच्या तोंडात घातला.

बाई गालात गुळाचा खडा धरून भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. आई ताट दोन्ही हातांत धरून समोर उभी होती, ते त्यांनी हातात घ्यायची वाट बघत.