तार उपटणारे चाचा

चिखलीत माझ्या गिरणीला लागून चाचांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या खोलीत चार पोरं-पोरी मोबाइल गेमच्या ऑनलाइन लीगची तयारी करतात. चाचा त्यांचे गुरू, पण त्यांना गेम खेळता येत नाही. ते फक्त ऐन लढाईत वायफायची तार उपटतात.

"काऊन काढली हो, चाचा?"

"लाइट काय इचारून जाते?"

मग चौघांनी मोबाइलचं नेट लावून पुन्हा खेळात शिरायचं. असं रोज वीसदा. तारेचा भरवसा नसल्यामुळे ती मंडळी खेळातसुद्धा कधी आडोसा सोडत नाहीत.

रविवारी दुपारी पुण्याच्या संघाशी अंतिम सामना रंगात आला आणि माझी गिरणी घरघरत थांबली. लाइट गेली होती. मी धावलो. चाचा दारात चहा पीत होते. आत मात्र कुणी मानही वर केली नाही. नुसते अंगठे चालत होते.

जिंकल्यावर आधी जल्लोष झाला. मग कप्तान पोरगी तरातरा बाहेर आली.

"चाचा, आज तरी तार काढाची नव्हती."

चाचांनी हसत माझ्या बंद गिरणीकडे बोट दाखवलं.