बाटलीतली राख

अकरा ससे मारायचे होते आणि कागद तयार होता. फक्त माझी सही बाकी होती. इंजेक्शनही मीच द्यायचं होतं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पाट्या नव्या आल्या, नळ मात्र कोरडेच राहिले. चाकूरच्या जनावरांच्या दवाखान्यातून मी दर मंगळवारी एसटीने लातूरला यायचो, तिथल्या एका फार्मसी कॉलेजातले प्रयोगाचे ससे तपासायला. त्या मंगळवारी ससे मलूल बसले होते. चारा तसाच पडलेला, पिंजऱ्यांना उलट्या टांगलेल्या पाण्याच्या नळीच्या बाटल्या भरलेल्या. मला परतीची गाडी गाठायची होती. नोंदवहीत मी लिहून टाकलं, ‘पाणी पीत नाहीत, संसर्गाची शंका.’ या एका ओळीवर प्राचार्यांनी ठरवलं की रोग पसरायच्या आत सगळे संपवायचे, आणि बुधवारी मला पुन्हा बोलावून घेतलं.

पिंजरे सांभाळणाऱ्या मावशी पहिल्या पिंजऱ्यापुढे पाय रोवून उभ्या होत्या. प्राचार्यांनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. त्या हलल्या नाहीत. माणूस जाताना त्याच्या तोंडात पाणी घालतात, मग या मुक्या जिवाला का नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

"पाणी पाजल्याबिगर सुई लावू देणार न्हाई," त्या मला म्हणाल्या.

प्राचार्य वैतागले. ससा पाणी पीतच नाही तर पाजणार काय, असं त्यांनी विचारलं. मावशींनी बशीत पाणी ओतून सशापुढे ठेवलं. सशाने बशी कोरडी केली आणि तळ चाटत राहिला.

माझे कान तापले. मी बाटली काढून तिची वाकडी नळी तोंडात धरून चोखली. थेंब आला नाही. नळीत काडी घातली तर राखेचा गोळा निघाला. बाकीच्या बाटल्यांचंही तेच. टँकरचा भरवसा नव्हता, म्हणून घरची भांडी घासावीत तशा मावशी बाटल्या राखेने घासत होत्या आणि धुवायचं पाणी वाचवत होत्या.

"पाणी वाचवत होते, सायेब," मावशी रडवेल्या झाल्या. "म्याच मारत होते की ह्यायला."

मला राग आला तो माझाच. त्यांनी पाणी वाचवलं होतं. मी काय वाचवलं होतं? पाच मिनिटं. जनावराचा डॉक्टर म्हणवून घेणाऱ्याला नळी बघायचीही सवड झाली नव्हती.

प्राचार्य म्हणाले, वर कळवून झालंय, आता मी काय सांगू?

"डॉक्टर चुकला म्हणून सांगा," मी म्हणालो. "मी या कागदावर सही करणार नाही. हवं तर माझी तक्रार करा."

नोंदवहीतली माझी ओळ मी खोडली. खाली लिहिलं, ‘ससे तहानलेले आहेत. चूक माझी.’ आणि त्याखाली मोठी सही ठोकली. प्राचार्य निघून गेले.

मावशींनी डोळे पुसले आणि बशी माझ्या हातात दिली.

"अजून धा हायेत," त्या म्हणाल्या.