पेसमेकर राहिला, पिकअप मिळाली

आमच्या सिन्नरकडच्या गावात कुणी चक्कर येऊन पडलं, की एकजण कांदा फोडून नाकाशी धरतो आणि बाकीचे त्या माणसाला उचलून बसवतात. वर्षभरात मी चारदा पडले. चारही वेळा सासूबाईंनी हे दोन्ही उपचार मनापासून केले. बसवलं की मी पुन्हा गार. "लय नाजूक झालीस गं," त्या म्हणायच्या. मी नाजूक! झेंडूचे क्रेट स्वतः चढवून रोज नाशिकच्या फूलबाजारात पिकअप नेणारी बाई मी.

चौथ्यांदा पडले ती पिकअपमधून उतरताना. नवऱ्याने किल्ली काढून सासूबाईंच्या कमरेला खोचायला दिली. त्याचं काही चुकलं नव्हतं, पण माझा जीव तुटला. दिवसातले तेवढेच दोन तास माझे एकटीचे होते.

नाशिकच्या डॉक्टरांनी काही दिवस छातीला यंत्र लावून पाहिलं. चक्कर येताना माझं हृदय काही सेकंद चक्क थांबत होतं. पेसमेकरचं नाव निघताच सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, त्याला सावकाश चालवणाऱ्या नसा फार जोर करतात. मांडीतून बारीक तार आत नेऊन त्या नसांची टोकं जाळली, तर कदाचित पेसमेकर लागणार नाही. उपचार नवा आहे, सगळ्यांना चालत नाही, खात्रीही देत नाही. मी म्हटलं, करा. उठताना ते म्हणाले, चक्कर आली की आडवं करून पाय वर घ्या, बसवू नका.

सासूबाई रिक्षात बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मीच पाडत होते व्हय तुला?" आणि रडायला लागल्या. मला हसू आवरेना. नवरा दोघींवर चिडला.

तार जाऊन आली, मी तिसऱ्या दिवशी घरी. तीन महिन्यांनी पुन्हा यंत्र लावलं, तर हृदय एकदाही थांबलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, चालवा गाडी.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी किल्ली दिली आणि स्वतःच शेजारी चढून बसल्या. "डॉक्टरला काय जातंय सांगायला. मी बघते तुझ्याकडं." मला असा राग आला, की गाडी दणकन गिअरमध्ये टाकली. वाटेवरचं पळसे गाव आलं तरी शेजारून अवाक्षर नाही, म्हणून मान वळवली. सासूबाई दाराला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू. पुढे खड्डा दिसला, तशी गाडी हळू घेतली. म्हटलं, झोपू दे.